शंभर माणसं हवी आहेत

माझ्या काकीची सही मला कुठेही ओळखू येते. अक्षरं एकेक सुटी काढायची आणि शेवटी शिरोरेषा एका दमात ओढायची, अशी तिची पद्धत. काही वर्षांपूर्वी मी आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंगची नक्कल मागवली, तेव्हा ती सही मला ग्रामसभेच्या हजेरीत दिसली. त्या सभेत शिवारातल्या एका खडी क्रशरला गावाची ना हरकत देणारा ठराव झाला होता. काकीचं रान त्या क्रशरला लागून आहे. तूर फुलावर आली की झाडं वरून पांढरी दिसतात, इतकी धूळ बसते.

मी तिला विचारलं, "काकी, तू गेली होतीस या सभेला?"

"कसली सभा?" ती म्हणाली. मग थोडं आठवून म्हणाली, "शिपाई वही घेऊन दारात आला हुता. म्या भाकरी थापत हुते. म्हणला, काकू, सही करा, हजेरीची हाय. केली."

त्या वहीत अशा शंभराच्या वर सह्या होत्या. सभेला खरोखर बसलेली माणसं सोळा-सतरा होती, हे गावात कुणीही सांगेल. ठरावाला सूचक होता, अनुमोदक होता, आणि खाली ठरलेलं वाक्य होतं: सर्वानुमते मंजूर. काकीच्या रानावर पडणाऱ्या धुळीला काकीचीच संमती होती.

त्या दिवसापासून मी ग्रामसभा चुकवलेली नाही. तुम्हीही चुकवू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आपल्या संविधानात तुम्ही स्वतः जाऊन बसू शकाल अशी सभा ही एकच. लोकसभेत तुमचा खासदार बसतो, विधानसभेत आमदार, ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत वॉर्डातून निवडून दिलेला सदस्य. ग्रामसभेत तुम्ही बसता. अनुच्छेद 243 मध्ये तिची व्याख्या आहे: गावाच्या मतदारयादीत ज्यांची नावं आहेत ती सगळी माणसं मिळून ग्रामसभा. उमेदवारी अर्ज भरावा लागत नाही, अनामत लागत नाही, कुणाच्या पॅनेलमध्ये असावं लागत नाही. अठरा वर्षं पुरी झाली, यादीत नाव आलं, की तुम्ही तिचे सभासद, आणि ते सभासदत्व पाच वर्षांनी संपत नाही.

याचं मोल मला अलीकडे जास्त कळलं. 2022 पासून महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा परिषदा, पंचायत समित्या, नगरपालिका आणि महापालिकांच्या मुदती संपल्या. निवडणुका न्यायालयात अडकल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. लोकांनी निवडून दिलेलं कुणी त्या सभागृहांत उरलं नव्हतं. ग्रामसभेवर मात्र ही वेळ आणता येत नाही. तिची मुदत संपत नाही, तिला बरखास्त करता येत नाही, तिच्या जागी प्रशासक बसवता येत नाही. सरपंच बदलतो, सदस्य बदलतात, सरकारं पडतात, ग्रामसभा आहे तिथेच असते. गाव गाव म्हणून राहतं तोवर तिला संपवायची एकच वाट आहे, ती म्हणजे आपण न जाणं. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आज हेच चाललं आहे.

हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण यात फार मोठं कारस्थान लागत नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या सातव्या कलमानं आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. पुरेसं कारण नसताना सभा न बोलावणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, म्हणून कागदावर तरी सभा होतेच. तिला गणपूर्ती लागते, ज्याला सगळे कोरम म्हणतात: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातला जो आकडा लहान असेल तो. चारशे मतदारांच्या वाडीला साठ माणसं पुरतात. दोन हजारांच्या गावाला शंभर पुरतात आणि सात हजारांच्या बाजारगावालाही शंभरच.

ही शंभर माणसं जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. विषय तेच, ठरावांची ताकद तीच, फक्त माणसांची अट गेलेली. चार दिवसांनी एखाद्या दुपारी दहा-बारा जण पंचायतीच्या खोलीत बसतात. गावाच्या जमिनीचं, पाण्याचं, घरकुलांच्या यादीचं, वित्त आयोगाच्या पैशातून कुठली गल्ली काँक्रीटची होणार याचं ठरून जातं, आणि ते सगळं कायदेशीर असतं. जिथे तेवढीही वाट पाहायची नसते तिथे वही दारोदार फिरते. काही ठिकाणी प्रोसिडिंगमध्ये पानं कोरी सोडलेली असतात आणि 'ऐनवेळचे विषय' सभेनंतर आठवडाभर येत राहतात. हे करणाऱ्यांना मी दोष देतोच. पण कोरी पानं राहू शकतात ती ती पाहायला कुणी नसतं म्हणून, हेही मला दिसतं.

गावातली माणसं का येत नाहीत, याचं उत्तर त्यांच्या आळसात शोधणं मला अन्यायाचं वाटतं. मजुरी बुडवून यावं आणि दोन तास भांडण ऐकून परत जावं, हे कुणाला परवडेल? बोलायला उठलं की 'तुझी घरपट्टी भरली का?' असं तोंडावर विचारलं जातं. दलित वस्तीतला माणूस मागे उभा राहतो आणि त्याचा विषय शेवटी येतो, तोवर पुढचे लोक उठलेले असतात. बायांना तर बोलावलेलंच नसतं.

इथे डॉ. आंबेडकरांची आठवण टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी गावाला राज्यघटनेचा पाया करण्याच्या कल्पनेवर कडक टीका केली होती. संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांचं ठाणं म्हणून त्यांनी गावाकडे पाहिलं, आणि मसुद्याचं केंद्र गाव नसून व्यक्ती आहे याबद्दल समाधान व्यक्त केलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाचा अनुभव त्या शब्दांमागे होता. त्याच महिन्याच्या 22 तारखेला के. संथानम यांची दुरुस्ती स्वीकारली गेली आणि ग्रामपंचायती स्थापण्याचं मार्गदर्शक तत्त्व अनुच्छेद 40 म्हणून आलं. त्याला घटनेचा बंधनकारक आधार मिळायला आणखी 45 वर्षं लागली. 1989 मध्ये एक विधेयक राज्यसभेत अडलं. मग 1992 च्या डिसेंबरात 73 वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि 24 एप्रिल 1993 रोजी ती अमलात आली.

बाबासाहेबांची शंका खरी होती. ती आजही अनेक गावांत रोज खरी ठरते. म्हणूनच रिकामी ग्रामसभा मला जास्त भयाची वाटते. सभा रिकामी राहते तेव्हा गावातली सत्ता थांबत नसते. ती पारावर चालते, वाड्यावर चालते, ढाब्यावर चालते, आणि तिथे ना मतदारयादी असते ना आरक्षण. ग्रामसभेत निदान एक वही असते. तिच्यात विरोध नोंदवा असं म्हणता येतं, आणि त्या वहीची नक्कल मागता येते. ज्याच्याकडे जमीन नाही, जात नाही, पाहुणा आमदार नाही, त्याला गावात तेवढाच कागद हाताशी असतो.

बायांच्या बाबतीत कायद्यानं एक पाऊल पुढे टाकलं आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आणि तिथे ठरलेलं मुख्य सभेपुढे मांडायचं, अशी महाराष्ट्रात तरतूद आहे. जिथे ती मनापासून घेतली जाते तिथे विषयच बदलतात. पुरुषांच्या सभेत कमान, सभामंडप आणि रस्ता यांवर वेळ जातो, बायांच्या सभेत पाणी किती वाजता येतं, अंगणवाडीचा दरवाजा कधी बसणार आणि दारूचं दुकान कधी हलणार हे येतं.

दारूवरून आठवलं. गावातल्या परवानाधारक दुकानाविरुद्ध बायांना मतदान मागता येतं, हे महाराष्ट्रानं देशाला दाखवलं. गावातल्या एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली, एक आडवी. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं. 'एकूण' या शब्दाकडे लक्ष द्या. आलेल्या बायांपैकी निम्म्या पुरत नाहीत, यादीतल्या निम्म्या लागतात. जी घरी राहिली तिचं मत उभ्या बाटलीच्या पारड्यात गेल्यासारखंच असतं. म्हणून अशा गावांतल्या कार्यकर्त्या बाया मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन येतात, बाळंतिणीच्या माहेरी निरोप धाडतात. ग्रामसभेच्या दिवशी आपल्याला नेमकं हेच करायचं आहे.

भरलेली ग्रामसभा काय करू शकते ते पाहायला गडचिरोलीत धानोरा तालुक्यात जावं. मेंढा (लेखा) हे तिथलं शंभरेक घरांचं गोंड गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावानं दिली, आणि तिचा अर्थ रोज जगून दाखवला. देवाजी तोफा हे त्या गावचे नेते, आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्यासोबत दशकानुदशकं बसून विचार करत होते. मेंढ्यात बहुमतानं निर्णय होत नाही. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या सभेला जातो, त्या माणसाशी बोलणं होतं, आणि सगळे हो म्हणतील तेव्हाच ठराव होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही पद्धत फार संथ वाटते. पण एकदा ठरलेलं मोडायला मग कुणाला गटच सापडत नाही. हरलेला असा कुणी उरलेलाच नसतो.

सभेच्या जोडीला तिथे अभ्यासगट चालतो. कायदा काय म्हणतो, जंगलाचं काय करायचं, बाहेरच्या जाणकाराला काय विचारायचं, हे तिथे चर्चिलं जातं. निर्णय मात्र तिथे घेत नाहीत, तो सभेतच. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडे सभेत पहिल्यांदाच विषय ऐकायचा आणि त्याच क्षणी हात वर करायचा, अशी रीत आहे. म्हणून मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

या बैठकांतून काय निघालं? वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मेंढ्याला 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचाच, असं अडून राहिलं. गाव ठाम राहिलं. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ज्या बांबूसाठी आजोबांना वनरक्षकापुढे हात जोडावे लागत, तो नातवांनी स्वतःच्या सहीनं विकला.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला त्याहून जास्त विचारात पाडते. 2012 मध्ये या गावाला सुमारे हजार हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. बांबू त्यांनी स्वतः विकायला सुरुवात केली. तेंदूपत्ता मात्र, जो त्या भागात हमखास पैसा देतो, तो तोडायचा नाही असं ग्रामसभेनं ठरवलं. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलात आगी लावल्या जातात, फळ धरत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. गरीब माणसं हातचा पैसा सोडून जंगल राखणार नाहीत, असं शहरात बसून सहज म्हटलं जातं. पाचगावच्या माणसांनी एकत्र बसून, हिशेब मांडून, तो पैसा सोडला. कुठल्याही अधिकाऱ्यानं काढलेला असा हुकूम एक हंगामही टिकला नसता.

आदिवासी भागाला हे जमलं, आम्हाला कुठे तसा कायदा आहे, असं कुणी म्हणेल. म्हणणं बरोबर आहे. पेसा कायद्यानं 1996 मध्ये अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना थेट अधिकार दिले, आणि 2014 मध्ये महाराष्ट्रानं त्याचे नियम केले. तिथे एखादा पाडासुद्धा आपली स्वतंत्र ग्रामसभा मागू शकतो. बाकीच्या महाराष्ट्राला हे नाही. पण पेसा नसलेलं गावही काय करू शकतं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं दाखवलं. 4 मे 2022 रोजी शिरोळ तालुक्यातल्या या गावानं ठराव केला: नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं, तिला कार्यात मागे ठेवणं, हे आमच्या गावात बंद. दोन आठवड्यांच्या आत राज्य सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना या ठरावाचा कित्ता गिरवायला सांगितलं. शतकांची रूढी मोडायचा शब्द मंत्रालयातून गावात आला नाही. तो गावातून मंत्रालयात गेला.

ओडिशातल्या नियमगिरीचं उदाहरण तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयातून आलेलं आहे. डोंगरावरचं बॉक्साईट खणायचं की नाही हे तिथल्या ग्रामसभांना विचारा, असं न्यायालयानं एप्रिल 2013 मध्ये सांगितलं. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बारा गावांत सभा झाल्या. न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, डोंगरिया कोंध आदिवासींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी एकेक करून उठून नाही म्हटलं. बाराच्या बारा सभांचं उत्तर एकच होतं, आणि खाण झाली नाही.

म्हणूनच वरूनही ग्रामसभेवर हात पडतो आहे. 2022 च्या वनसंवर्धन नियमांत, जंगल वळवायला केंद्राची मंजुरी देण्याआधी ग्रामसभेची संमती झाली आहे का हे पाहण्याची अट सैल झाली. ती जबाबदारी नंतरच्या टप्प्यावर राज्यांकडे ढकलली गेली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानंही त्यावर आक्षेप घेतला होता. मंजुरी आधी आणि विचारणा नंतर, असं झाल्यावर ग्रामसभेच्या 'नाही'ला काय उरतं?

दुसरा प्रकार आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झाला आणि आपण त्याला विकास म्हटलं. गेल्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या ठिकाणच्या कितीतरी मोठ्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. निधी वाढला, मुख्याधिकारी आले. त्याच दिवशी हजारो माणसांची ग्रामसभा नाहीशी झाली, कारण शहराच्या कायद्यात ग्रामसभाच नाही. शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद महाराष्ट्राच्या कायद्यात 2009 मध्ये आली खरी, पण तुमच्या पेठेची किंवा तुमच्या सोसायटीच्या परिसराची क्षेत्रसभा कधी भरली, आठवतं का? पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, आमच्याकडे जे मरायला टेकलं आहे ते तुमच्याकडे जन्मलंच नाही. तुमच्या नगरसेवकाला पहिल्या भेटीत क्षेत्रसभेचीच तारीख विचारा.

आता मागणी कायद्याची. तहकूब ग्रामसभेला कोरम नको, हा नियम बदलला पाहिजे. झाडलोटीचे आणि नेहमीच्या खर्चाचे विषय तिथे होऊ द्या, हवं तर. पण गावाची जमीन, पाणी, खाण, क्रशर, आणि लाभार्थ्यांची यादी यांवरचा ठराव पुऱ्या कोरमशिवाय ग्राह्य धरू नये. त्याहून खोलवरची दुरुस्ती संविधानातच हवी. अनुच्छेद 243 क सांगतो की राज्याचं विधानमंडळ कायद्यानं जे अधिकार देईल ते ग्रामसभा वापरू शकेल. म्हणजे संविधानानं तिला जागा दिली, पण स्वतःचा म्हणून एकही अधिकार दिला नाही. राज्याच्या मर्जीवर सोडलं. अकराव्या अनुसूचीतले 29 विषयही पंचायतींसाठी आहेत, ग्रामसभेचं नाव तिथे नाही. जमिनीवर, पाण्यावर आणि गावाच्या पैशाच्या हिशेबावर ग्रामसभेचा शब्द शेवटचा, एवढं तरी थेट संविधानात लिहिलं जावं. अनुसूचित क्षेत्रातल्या पाड्याला जे मिळू शकतं ते माण आणि जतच्या वाडीला का मिळू नये?

हे कोण करणार, असा प्रश्न येईल. आपणच. महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या काही हजार ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव कोरमसह करून सरकारला पाठवला, तर त्याची दखल घ्यावी लागेल. माहितीचा अधिकार असाच आला. 1990 च्या दशकात राजस्थानच्या खेड्यांत मजूर आपल्याच हजेरीपटाची नक्कल मागत बसले, जनसुनवाया झाल्या, 1996 मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. महाराष्ट्रात आंदोलनं होऊन 2002 मध्ये राज्याचा कायदा झाला आणि 2005 मध्ये देशाचा. काकीच्या सहीची नक्कल मला मिळाली ती त्या मजुरांच्या धरण्यामुळे. मी कधी त्यांना भेटलेलो नाही, पण त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

त्याआधी मात्र ठराव करायला सभा भरावी लागेल, आणि ती भरवणं दिसतं तेवढं कठीण नाही. बहुतेक गावांत ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांच्या आसपास असते. झेंडावंदनाला शंभर माणसं आलेलीच असतात. मुलांना खाऊ वाटला जातो, फोटो निघतात आणि सगळे पांगतात. तिथून न हलता फक्त सतरंजीवर बसायचं आहे. सभा दुसऱ्या दिवशी असेल तर सकाळी मजुरीला जाणाऱ्यांसाठी तिची वेळ संध्याकाळची ठेवा, असा ठराव पहिल्याच सभेत करून घ्या. गोव्यातल्या पंचायती रविवारी ग्रामसभा घेतात आणि तिथली सभा बघावी अशी भरते. एखाद्या मोठ्या बांधकामाचा विषय असला की शंभर प्रश्न तयार असतात.

तुमचा विषय अजेंड्यावर यावा असं वाटत असेल तर नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेला विषय ऐनवेळच्या रेट्यात वाहून जातो. एकटे जाऊ नका, भावकीतल्या दोघांना आणि भावकीबाहेरच्या दोघांना घेऊन जा. भावकीबाहेरचे दोघे जास्त महत्त्वाचे. दलित वस्तीतली, पारधी पालावरची, ऊसतोडीहून परतलेली माणसं पुढे बसतील हे पाहा. त्यांचा विषय आधी घ्या, अशी मागणी तुम्ही करा. त्यांनी ती करायची वेळ येऊ देऊ नका. बायांनो, तुमची सभा मुख्य सभेच्या आधी होते. ती झाली नसेल तर मुख्य सभेत सर्वांसमोर तेवढंच विचारा: आमची सभा कधी झाली, आणि तिचं इतिवृत्त कुठे आहे?

कोकणातल्या चाकरमान्यांना एक वेगळी विनंती. गणपतीला, शिमग्याला तुम्ही येता, गावकीच्या बैठकीत रात्रभर बसता, देवळाच्या कौलाचा हिशेब पै-पैचा घेता. मतदारयादीत नाव गावचं असेल तर त्याच आठवड्यात ग्रामसभा लावा, असं मंडळाच्या लेटरहेडवर मागा. वर्षातून एकदा तरी गावकीइतकीच पंचायतही तुमची आहे, हे गावाला दिसू द्या. आणि गावच्या जमिनीचा विषय असेल तर मुंबईतूनही माणसं आणा, एक रात्रीचा प्रवास आहे.

वही दारात आली तर सही करू नका. शिपायाला रागावू नका, त्याला पाठवलेलं असतं. त्याला चहा द्या आणि सांगा, सही सभेत येऊन करीन. माझी काकी आता असंच सांगते. मागच्या खेपेला ती स्वतः आली, खालच्या आळीतल्या सहा जणींना घेऊन. माणसं मोजली तेव्हा एकशे सात भरली. विषयपत्रिकेवर पहिला विषय सगळ्या गावांत असतो तोच होता: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. अध्यक्ष म्हणाले, ते वाचलं असं समजू आणि पुढे जाऊ. मागून काकीचा आवाज आला, "वाचून दाखवा की. आमी त्यासाठीच आलोय." थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग ग्रामसेवकानं वही उघडली आणि वाचायला सुरुवात केली.